भाच्याला एथिकल हॅकर व्हायचंय, क्लासवाले १ लाख ८५ हजार मागताहेत. काय करावं?

उजनीकाठ

नमस्कार मंडळी. इथे आजवर ऊस, ठिबक आणि पाऊस यापलीकडे काही लिहिलेलं नाही. आजचा विषय माझ्या आवाक्याबाहेरचा आहे, म्हणून जाणकारांना साकडं घालतोय.

माझा भाचा यंदा सोलापुरातून बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स झाला. ६८ टक्के. पोरगं हुशार आहे, पण चारचौघांत बोलायला बुजतं. वर्षभर एकच धोशा लावलाय, एथिकल हॅकर व्हायचंय. गेल्या आठवड्यात पुण्यातल्या एका क्लासात जाऊन आला. सहा महिन्यांचा कोर्स, फी १ लाख ८५ हजार, हप्ते पाडून मिळतात, शेवटी 'आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट' आणि '१०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स'. भिंतीवर म्हणे काळी हुडी घातलेल्या पोराचं चित्र आहे आणि खाली पॅकेजचे आकडे. दाजी एसटीत कंडक्टर आहेत, दोन वर्षांत निवृत्त होतील. बहीण म्हणते बांगड्या मोडू. मी म्हटलं, आठवडाभर थांब, चार लोकांना विचारतो.

तर हे काम नक्की असतं काय? पोलिसांत असतं की कंपनीत? हॅकिंग आणि तेही कायदेशीर, हे कसं? शनिवारपर्यंत पैसे भरले नाहीत तर 'ऑफर' संपते असं सांगितलंय.

तिरकस

ऑफर शनिवारी संपते आणि सोमवारी पुन्हा सुरू होते. साड्यांच्या सेलला जो नियम तोच इथे.

बाकी 'असिस्टन्स' हा शब्द नीट वाचा. 'गॅरंटी' लिहिलेलं नाही. असिस्टन्स म्हणजे तुमचा बायोडेटा चार ठिकाणी ईमेल करणार. तो भाच्याला स्वतःलाही करता येतो, फुकटात.

रात्रपाळी

काका, मी याच धंद्यात आहे, पुण्यात, नऊ वर्षं झाली. हिंजवडीत एका मोठ्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर बसतो. हुडी घालतो, पण एसी जास्त असतो म्हणून.

आधी एक गैरसमज काढतो. सायबर सुरक्षेतल्या बहुतेक नोकऱ्या 'हॅकिंग'च्या नाहीतच. फोडणारे थोडे, राखण करणारे पुष्कळ. मी राखणदार. आमच्या खोलीला सॉक म्हणतात, म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर. ग्राहक कंपन्यांच्या सर्व्हरवर, लॅपटॉपवर, फायरवॉलवर जे काही घडतं त्याच्या नोंदी म्हणजे लॉग एका ठिकाणी गोळा होतात, त्यातून काही खटकलं की स्क्रीनवर अलर्ट येतो. तो बघून ठरवायचं की हा चोर आहे की मांजर. नवीन माणूस एल-१ म्हणून लागतो, म्हणजे पहिल्या फळीत. चोवीस तास पाळ्या.

मांजर म्हणजे काय ते सांगतो. पहाटे पावणेतीनला अलर्ट आला, एका फाइल सर्व्हरवर तासाभरात तीनशेच्या वर फसलेले लॉगिन. विंडोजमध्ये फसलेल्या लॉगिनची नोंद ४६२५ क्रमांकाने पडते आणि जमलेल्याची ४६२४ ने. नवीन पोरगा होता, घामाघूम झाला, म्हणाला हल्ला आहे, मॅनेजरला उठवू का? मी म्हटलं, आधी बघ कुठून येतंय. बाहेरून नव्हतं, कंपनीच्याच आतल्या एका पत्त्यावरून येत होतं. कोणत्या नावाने? एकाच खात्याच्या. दर दहा-बारा सेकंदांनी, घड्याळ लावल्यासारखं. माणूस पासवर्ड टाकताना कधी पटकन टाकतो, कधी चुकतो, कधी चहा प्यायला जातो. इतकं नेमानं फक्त यंत्र वागतं. तो निघाला ऑफिसातला कागदांचा स्कॅनर. संध्याकाळी कुणीतरी त्या खात्याचा पासवर्ड बदलून घरी गेलं होतं आणि बिचारा स्कॅनर जुनाच पासवर्ड घेऊन रात्रभर दार ठोठावत होता.

चोर कसा दिसतो? दोन महिन्यांनी तसाच अलर्ट आला. पण या वेळी नावं वेगवेगळी, बरीचशी तर कंपनीत नसलेल्याच माणसांची, आणि शेवटी एक ४६२४. प्रकार १०, म्हणजे दूरच्या मशीनवरून स्क्रीन उघडून थेट आत. त्या रात्री मात्र मॅनेजरला उठवलं. मशीन नेटवर्कपासून तोडलं आणि सर्ट-इनला, म्हणजे सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, कळवायची तयारी केली. एप्रिल २०२२च्या आदेशानुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो.

दोन्ही अलर्ट वरून सारखेच होते. फरक ओळखता येणं एवढ्याचाच आम्हाला पगार मिळतो, आणि ते सहा महिन्यांच्या क्लासात हॅकिंगची पन्नास टूल्स दाखवून येत नाही. विंडोज आणि लिनक्स आतून कसं चालतं, नेटवर्कमध्ये कोण कुणाशी का बोलतं, हे कळलं की येतं.

पगाराचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. मी २०१६ला वर्षाला २ लाख ४० हजारांवर लागलो. भिंतीवरचे आकडे पहिल्या नोकरीचे नसतात.

सांगलीची लेखापरीक्षक

रात्रपाळी यांना +१. मांजराची गोष्ट आवडली.

मी हॅकर नाही. बी.कॉम. आहे. कमांड टाइप करायला आजही भीती वाटते. तरी बारा वर्षं याच क्षेत्रात आहे, म्हणून लिहिते. मी माहिती-प्रणालीचं ऑडिट करते, मुख्यतः नागरी सहकारी बँकांचं.

उजनीकाठ, तुम्हाला पुण्यातल्या कॉसमॉस बँकेचं आठवत असेल. ऑगस्ट २०१८. एटीएममधून पैसे काढताना 'या खात्यात पैसे आहेत का' हा प्रश्न बँकेच्या मुख्य प्रणालीला जातो. हल्लेखोरांनी मधेच स्वतःचा खोटा स्विच, म्हणजे या प्रश्नोत्तरांची ने-आण करणारी प्रणाली, बसवला आणि तोच प्रत्येक वेळी 'आहेत, द्या' म्हणत राहिला. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, दोन दिवसांनी स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यावरून, हाँगकाँगला गेले, एकूण सुमारे ९४ कोटी. आमच्याकडच्या कित्येक संचालकांना तोवर वाटायचं की सायबर वगैरे मोठ्या बँकांचं दुखणं. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी आधी मूलभूत आणि मग ३१ डिसेंबर २०१९च्या परिपत्रकात चार पातळ्यांची चौकट आणली. बँक जितकी जास्त डिजिटल, तितके नियम कडक.

आता महाराष्ट्रात अशा बँका किती आहेत ते तुम्हीच बघा. तालुक्याच्या गावी मी एका बँकेत गेले होते. सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत, शेजारी जुन्या खातेवह्यांची रद्दी, इन्व्हर्टरवर गणपतीचा फोटो. नेटवर्कच्या स्विचचा पासवर्ड कारखान्यातून आलेला तसाच. आणि नोकरी सोडून सव्वा वर्ष झालेल्या लिपिकाचं लॉगिन चालू, नुसतं चालू नाही, आदल्याच आठवड्यात वापरलेलं. कोण वापरतं म्हणून विचारलं तर शाखाधिकारी म्हणाले, "मॅडम, ते सगळेच वापरतो, त्याचा पासवर्ड सोपा आहे." हे शोधायला हुडी लागत नाही. वापरकर्त्यांची यादी आणि हजेरीपट शेजारी शेजारी ठेवून बघावं लागतं.

अशा कामाला जीआरसी म्हणतात, म्हणजे कारभार, जोखीम आणि नियमपालन. कागदी काम म्हणून तरुण मुलं नाक मुरडतात. पण आयएसओ २७००१ या माहिती-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकातली ९३ नियंत्रणं, रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं, २०२३चा डेटा संरक्षण कायदा हे समजून घेऊन शाखाधिकाऱ्याला मराठीत सांगू शकणारा माणूस आम्हाला मिळत नाही. भाचा बुजरा आहे म्हणता, पण त्याला लिहिता येतं का?

पोर्ट ४४५

मी दुसऱ्या बाजूचा, फोडणारा. मुंबईत आहे. आमच्याकडे याला व्हीएपीटी म्हणतात, म्हणजे कच्च्या जागा शोधून त्या फोडून बघणं. ग्राहकाने सांगितलेल्या दारांवर, सांगितलेल्या तारखांना, लेखी परवानगीने धडका मारायच्या आणि काय उघडलं ते लिहून द्यायचं.

नाव असं का ते आधी सांगतो, कारण माझं करिअर त्याच दाराने सुरू झालं. २०१७ला मी नवी मुंबईत डेस्कटॉप सपोर्टला होतो. माऊस बदलून देणे, प्रिंटरमधला कागद काढणे. १२ मे, शुक्रवार, फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारं वॉनाक्राय आलं. विंडोजच्या फाइल-शेअरिंगच्या ४४५ नंबरच्या पोर्टातून एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप उडी मारायचं. गंमत म्हणजे मायक्रोसॉफ्टने ते भोक बुजवणारं पॅच मार्चमध्येच दिलं होतं. आम्ही लावलं नव्हतं. शनिवार-रविवार दोघांनी पेन ड्राइव्ह घेऊन मजल्यामजल्यावर १४० मशीनं पॅच केली. सोमवारी साहेबांनी वडापाव मागवला, एवढंच बक्षीस.

पुढच्या महिन्यात तसंच पसरणारं नॉटपेट्या आलं आणि इथेच न्हावा शेव्याला मर्स्क गटाचं टर्मिनल अडकलं. कोणता कंटेनर कुणाचा हेच कळेना, बाहेर ट्रकांच्या रांगा. सुरुवात कुठून झाली होती? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिथल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे इथला ट्रकवाला दोन दिवस उपाशी, हे डोक्यात बसलं आणि मी रात्री जागून शिकायला लागलो.

काका, भाच्याला विचारा: ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबल्यापासून पान दिसेपर्यंत काय काय होतं? मी मुलाखतीत हाच एक प्रश्न विचारतो. नावावरून आयपी पत्ता कोण शोधून देतं, समोरच्या सर्व्हरशी हस्तांदोलन कसं होतं, कुलपाचं चिन्ह कशामुळे येतं, कुकी कधी बसते. अर्धा तास बोलणारा मुलगा मी डोळे मिटून घेतो. दोन वाक्यांत संपवून "सर, मला मेटास्प्लॉइट येतं" म्हणणाऱ्याला, म्हणजे नुसतं फोडायचं तयार टूल येणाऱ्याला, चहा पाजून परत पाठवतो.

शिकायला पैसे लागत नाहीत का? लागतात, पण सुरुवातीला नाही. लिनक्ससाठी 'ओव्हर द वायर' या साइटवरचं बँडिट, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा खेळ, वेबसाठी पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी, दोन्ही फुकट. वेबसाइट तपासायच्या बर्प सूट या टूलची कम्युनिटी आवृत्ती फुकट. 'ट्राय हॅक मी'वर बरंचसं फुकट, थोडं महिन्याच्या वर्गणीवर. सराव स्वतःच्या लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनवर. ८ जीबी रॅम असेल तर कुरकुरत चालतं, १६ असेल तर बरं.

सर्टिफिकेटबद्दल एकदाच बोलतो. क्लासच्या 'आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट'वर नक्की कोणत्या संस्थेचं नाव आहे ते विचारा, आणि परीक्षेचं शुल्क त्या फीमध्ये धरलंय का तेही. सीईएच (सर्टिफाइड एथिकल हॅकर) म्हणजे चार तासांत १२५ पर्यायी प्रश्न. बायोडेटा गाळणाऱ्या एचआरला ते नाव माहीत असतं, एवढा त्याचा उपयोग खरा आहे. ओएससीपी ही प्रत्यक्ष फोडून दाखवायची परीक्षा वेगळी चीज आहे: पावणेचोवीस तास मशीनं फोडत बसायचं आणि पुढच्या २४ तासांत अहवाल लिहून पाठवायचा. मी पहिल्यांदा नापास झालो. मशीनं फोडली होती, अहवालात पायऱ्या अर्धवट लिहिल्या. पण ती महाग आहे आणि पहिल्या वर्षाची परीक्षा नव्हे.

तिरकस

म्हणजे सगळ्यांचं तात्पर्य, निबंध लिहायला शिका? आमचे शाळेतले मराठीचे मास्तर ऐकून धन्य होतील.

ढगाळ

एक कायदेशीर शंका, धागाकर्त्याचीच. परवानगी परवानगी म्हणताय, पण चांगल्या हेतूने एखाद्या साइटमधली चूक दाखवून दिली तर त्यात गैर काय? उलट आभार मानायला हवेत.

पाऊलखूण

ढगाळ, मी सांगते. इतकी वर्षं हे कुठे लिहिलं नव्हतं.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. आमच्या निकालाच्या पोर्टलवर लॉगिन केलं की पत्त्याच्या पट्टीत शेवटी एक आकडा दिसायचा. सहज एकाने वाढवला. शेजारच्या मुलाची गुणपत्रिका उघडली. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, सगळं. याला आयडॉर म्हणतात, सर्व्हर 'तू कोण' हे विचारतो पण 'हा कागद तुझा आहे का' हे विचारत नाही. ओवॅस्प या संस्थेच्या वेब-त्रुटींच्या २०२१च्या यादीत हाच प्रकार, म्हणजे मोडकं प्रवेश-नियंत्रण, पहिल्या नंबरावर आहे.

इथवर थांबले असते तर कदाचित निभावलं असतं. मला वाटलं, पुरावा भक्कम हवा. म्हणून वीस ओळींची स्क्रिप्ट लिहून रात्रीत दोन हजार गुणपत्रिका उतरवून घेतल्या आणि सकाळी प्राचार्यांना मोठ्या अभिमानाने ईमेल केला, सोबत झिप फाइल जोडून.

शाबासकीची वाट बघत होते. तिसऱ्या दिवशी बाबांना फोन गेला. बाबांनी कधी पोलीस ठाण्याची पायरी चढली नव्हती. मी 'काय केलं' ते तिथल्या हवालदारांना समजावत होते आणि ते शांतपणे विचारत होते, "पण तुला सांगितलं कुणी?" लेखी माफी, लॅपटॉप चार महिने जमा, कॅम्पस मुलाखतींना बसायची बंदी. पोर्टल त्यानंतरही महिनाभर तसंच उघडं होतं, हा वेगळा राग.

राग आजही आहे. पण झिप फाइल चूक होती, हेही आता कळतं. दोन हजार मुलांचा डेटा माझ्या लॅपटॉपवर यायचं काही कारण नव्हतं. स्वतःच्या दोन मैत्रिणींच्या संमतीने त्यांचा एक आकडा टाकून बघितला असता तरी मुद्दा सिद्ध झाला असता.

सांगलीची लेखापरीक्षक

पाऊलखूण, लिहिल्याबद्दल खरंच आभार.

कायद्याचं थोडक्यात: माहिती तंत्रज्ञान कायदा २०००. कलम ४३ म्हणतं, मालकाच्या किंवा ताबा असलेल्याच्या परवानगीशिवाय संगणकात शिरलात, डेटा उतरवलात, तर भरपाई द्यावी लागेल. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने केलंत तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू चांगला होता हे कलम ६६ला उत्तर असू शकतं, पण ते उत्तर द्यायला आधी उभं राहावं लागतं. कलम ४३मध्ये तर हेतूचा प्रश्नच नाही, परवानगीचा आहे.

चूक सहज दिसलीच तर आणखी पुढे न जाता, काहीही न उतरवता, त्या संस्थेला कळवावं. दाद लागली नाही तर सर्ट-इनकडे अशा त्रुटी कळवण्याची रीतसर सोय आहे. आणि ज्या कंपन्या स्वतःहून बग बाउंटी, म्हणजे चूक शोधणाऱ्याला बक्षीस, चालवतात, त्या कुठे हात लावायचा आणि कुठे नाही ते लिहूनच देतात. ती नियमावली आधी वाचायची, मग कीबोर्डला हात.

रिकामी_फाइल

नमस्कार. मी उजनीकाठ यांचा भाचा. मामाने काल रात्री धागा वाचायला लावला. आता खातं उघडलं.

सर्व सरांना आणि मॅडमना धन्यवाद. पोर्ट ४४५ सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसलो, पाच ओळींत संपलं. कुलपाच्या चिन्हाच्या पुढे काहीच येईना. कालपासून तेच वाचतोय.

बँडिट सुरू केलं. पहिल्याच पायरीवर अडकलो. फाइलचं नाव नुसता डॅश आहे. ती वाचायला कॅट ही कमांड लिहून डॅश दिला की स्क्रीन थांबून राहते, काहीच होत नाही. माझा लॅपटॉप ४ जीबीचा आहे, त्याच्यामुळे असेल का?

पोर्ट ४४५

सर म्हणू नकोस, दादा चालेल.

लॅपटॉप निर्दोष आहे. ४ जीबीतही बँडिट झकास चालतं, कारण ते तुझ्या मशीनवर चालतच नाही. आता उत्तर देत नाही, इशारा देतो. डॅश दिसला की कॅटला वाटतं तू म्हणतोयस 'फाइल नको, कीबोर्डवरून येईल ते वाच'. म्हणून ते तुझ्याकडे बघत बसलंय आणि तू त्याच्याकडे. त्याला नुसतं नाव सांगू नकोस, घराचा पत्ता सांग. ही फाइल कोणत्या डिरेक्टरीत आहे?

रिकामी_फाइल

टिंब आणि तिरकी रेघ!!! उघडली!!!

उजनीकाठ

हे दोघं काय बोलताहेत मला कळलं नाही. पण पोरगं रात्री साडेबाराला घरात ओरडलं आणि बहिणीने मला फोन केला, काय झालं म्हणून.

डब्लिनकर

उशिरा आलो. इथे आयर्लंडमध्ये सहा वर्षं आहे, त्यामुळे 'परदेशी एमएस करावं का' हे सगळेच विचारतात. माझं स्पष्ट मत: पदवीनंतर लगेच कर्ज काढून नको. तिकडे दोन-तीन वर्षं सॉकमध्ये किंवा नेटवर्कमध्ये घासून मग या. माझ्या वर्गात अनुभव घेऊन आलेले आणि थेट आलेले, दोघांचा अभ्यासक्रम एकच होता, नोकरी शोधतानाची झोप वेगळी होती.

पुण्यात 'नल' नावाच्या मंडळाच्या मोफत बैठका होतात, सुरक्षा क्षेत्रातलीच माणसं बोलतात. गोव्यात २०१०पासून नलकॉन भरतं, ते याच मंडळींचं. भाच्याने कोपऱ्यात बसून ऐकलं तरी चालेल. माझी पहिली नोकरी अशाच एका बैठकीनंतरच्या चहाच्या टपरीवर ठरली.

आणि रीतसर शिकायचंच असेल तर सी-डॅक या सरकारी संस्थेचा सहा महिन्यांचा पीजी-डिटिस हा पदविका कोर्स बघा. सी-कॅट प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. तिथे नेटवर्क, लिनक्स आणि सुरक्षा या क्रमाने घासून घेतात. फुकट नाही, पण निदान पैसे कशाचे ते कळतं.

ढगाळ

हे सगळं ठीक, पण रात्रपाळी यांचं ते मांजर-चोर काम उद्या एआय करेल ना? मग एल-१ची नोकरीच राहणार नाही.

रात्रपाळी

स्कॅनरवालं मांजर आजच मशीन बरंचसं ओळखतं, खोटं कशाला बोलू. पहिल्या फळीची भरती आमच्याकडे पूर्वीसारखी घाऊक होत नाही. नुसते अलर्ट बंद करणाऱ्याचं अवघड आहे. पण 'मशीनने मांजर म्हटलं, ते खरंच मांजर होतं का' हे तपासायला जो बसतो त्याला मांजर आधी माहीत असावं लागतं. म्हणून भाच्याला थेट सॉकच हवं असं नाही. सोलापुरातच एखाद्या दवाखान्यात, कारखान्यात, पतसंस्थेत नेटवर्क सांभाळायची नोकरी मिळाली तरी घे म्हणावं. ४४५ दादाचं काय झालं ते वाचलंच.

घरी वझू हे लॉग गोळा करून तपासणारं सॉफ्टवेअर बसवून स्वतःच्याच लॅपटॉपचे लॉग बघत बस रे, फुकट आहे. मात्र त्याला ४ जीबी खरंच पुरणार नाहीत.

उजनीकाठ

कळवतो. शनिवारी क्लासला फोन करून नाही म्हणालो. रविवारी त्यांचाच फोन आला, १ लाख ४० हजारांत करतो म्हणाले. तिरकस, तुमचा अंदाज एका दिवसाने चुकला.

बांगड्या शाबूत आहेत. त्याऐवजी जुना लॅपटॉप १६ जीबीचा घेतला, २६ हजार. भाच्याला इथल्याच एका पतसंस्थेत संगणक सांभाळायला ठेवलंय, महिना ११ हजार.

रिकामी_फाइल

धागा वर काढतोय, सात महिन्यांनी. माफ करा.

बँडिट संपलं. पोर्टस्विगरचे प्रवेश-नियंत्रणाचे धडे झाले. आता स्वतःच्या लॅपटॉपवर जूस शॉप बसवलंय, मुद्दाम कच्चं बनवलेलं दुकान आहे ते. त्यात दुसऱ्याची बास्केट उघडता आली. दादाने अहवाल लिहून दाखव म्हटलं होतं. लिहिलाय:

"सदर वेबसाइट अत्यंत असुरक्षित असून कोणीही ती हॅक करू शकतो. त्वरित कार्यवाही करावी."

पोर्ट ४४५

शाबास. आता फाड तो.

'कोणीही' म्हणजे कोण? रस्त्यावरचा माणूस की लॉगिन केलेला ग्राहक? 'हॅक' म्हणजे काय, पैसे गेले, नाव कळलं की दुकान बंद पडलं? तुझा अहवाल ज्याच्या हातात जाईल तो डेव्हलपर शुक्रवारी संध्याकाळी सहाला तो उघडणार आहे. त्याला तुझ्या काळजीशी देणंघेणं नाही. त्याला कोणत्या ओळीला हात लावायचा ते हवंय. आणि त्याच्या साहेबाला पहिल्या वाक्यात कळायला हवं की यात आपलं काय जातंय.

रिकामी_फाइल

चौथा प्रयत्न आहे. आधीचे तीन टाकले नाहीत.

"लॉगिन केलेला कोणताही ग्राहक दुसऱ्या ग्राहकाच्या बास्केटमधला माल पाहू शकतो. बास्केट मागवताना ब्राउझर तिचा क्रमांक सर्व्हरला पाठवतो. मी माझा क्रमांक ६ बदलून १ केला, तेव्हा सर्व्हरने पहिल्या ग्राहकाची बास्केट दिली. ती बास्केट मागणाऱ्याचीच आहे का, हे सर्व्हर तपासत नाही. उपाय: प्रत्येक मागणीच्या वेळी बास्केटचा मालक आणि लॉगिन केलेला ग्राहक एकच आहे याची खात्री सर्व्हरवर करावी. फक्त पाहून थांबलो, काही बदललं नाही. पायऱ्या आणि स्क्रीनशॉट खाली."

सांगलीची लेखापरीक्षक

मला कळलं. पहिल्या वाचनात. कमांडला घाबरणाऱ्या बाईला कळलं.

बायोडेटा व्यनि कर. आम्ही ज्यांच्याबरोबर काम करतो ती एक ऑडिट फर्म सर्ट-इनच्या मान्यताप्राप्त ऑडिटरांच्या यादीत आहे, त्यांना शिकाऊ मुलगा हवाय. शब्द देत नाही, मुलाखत ते घेतील.

पोर्ट ४४५

'फक्त पाहून थांबलो' हे वाक्य कुणी न सांगता घातलंस, ते बरं केलंस.

आता स्क्रीनशॉट काढून टाक आधी. पूर्ण स्क्रीनचा घेतलायस. उजव्या कोपऱ्यात फोनवरचा बँकेचा मेसेज आलाय, शिल्लक दिसतेय.

रिकामी_फाइल

काढला. काढला.

उजनीकाठ

४१२ रुपये. मी पण बघितले. संध्याकाळी फोन कर.